पाठ केलेलं घर

एकदा एक खिंडीतलं गाव आपल्या पूर्वजांच्या विजयाची शंभरी साजरी करीत होतं. मूठभर माणसांनी तिथे मोठी फौज अडवली होती. तेव्हापासून गावात माणसाची किंमत एकाच प्रश्नावर ठरे: तुझा पूर्वज खिंडीत होता का? होता, तर कपाळी गुलाल आणि पंक्तीत पहिलं पान. एक घर मात्र पळपुट्याचं. विजयाची मिरवणूक त्या दारी आली की ताशा थांबे आणि सारे घराकडे पाठ करून पुढे सरकत. पणज्याने पळावं आणि पणतीने भोगावं, ह्याला गाव परंपरा म्हणे.

यंदा निशाण गावच्या वृद्ध गुरुजींच्या एका तरुण शिष्याच्या हाती होतं. त्या घरच्या गोदाक्काने सकाळीच त्याला वाटेत गाठलं.

"पोरीला बघायला पलीकडच्या खोऱ्यातले पाहुणे आलेत. त्यांच्यादेखत पाठ करू नका रे. लग्न मोडेल."

"रीत आहे, अक्का. मी एकटा काय करणार?"

"निशाण एकट्यानेच धरलंयस ना?"

शिष्य निशाण सावरत पुढे निघाला.

मिरवणूक त्या दारी आली आणि तो थबकला. ओट्यावर त्याचे वृद्ध गुरू पाहुण्यांसोबत पोहे खात बसले होते. ते पहिल्या मानकऱ्याचे नातू, पण आज कपाळ कोरं.

"घर चुकलात, गुरुजी," ताशेवाला हसला.

"चुकलो नाही. पोहे चांगले झालेत, ये."

शिष्याने विचारलं, "हे काय? विजयशिळेवर पहिलं नाव तुमच्या आजोबांचं आहे."

वृद्ध म्हणाले, "ते पहिल्याच हल्ल्यात पळाले. मरताना त्यांनीच मला सांगितलं. अर्धी तुकडी पळाली होती. जिंकल्याची हाळी आली तसे सगळे झाडीतून परतले आणि गुलालात मिसळले. या घरचा पोरगा तेवढा गुलाल लावून घेईना. 'मी पळालो होतो,' म्हणाला. तोच पळपुटा ठरला. बाकीच्यांना ते सोयीचं होतं. पाठ करायला एक घर मिळालं की आपल्या घराकडे कुणी बघत नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पहिलं पान गोड लागत होतं."

"आणि खिंडीत शेवटपर्यंत राहिलं कोण?"

"ते तिथेच पडले. त्यांची नावं कुणी विचारलीच नाहीत. तू पहिला."

पाहुण्यांतला नवऱ्या मुलाचा बाप इतका वेळ ऐकत होता. बशी खाली ठेवून तो गोदाक्काला म्हणाला, "पळाला ते कळलं. लपवलं नाही, तेही कळलं. पोरीला बोलवा."

शिष्याने निशाण दाराकडे वळवलं. मागचे काही जण रागाने घरी गेले, काहींनी सवयीने पाठ केली. ताशा मात्र वाजला.

आपणही विजयदिन साजरे करतो. तेव्हा आपली पाठ कोणाच्या दाराकडे आहे, एवढं वळून बघावं.