अनशीचं रिकामं परस

फार वर्षांपूर्वी, बैलांच्या पाठीवर लादलेलं मीठ घाट चढून यायचं तेव्हा, मुरमेवाडीच्या गेनूनं मिठाबरोबर कोकणातून बायकोही आणली. तिचं नाव अनशी. येताना तिनं ओल्या फडक्यात माहेरची अबोली आणि सुपारीचं रोप गुंडाळून आणलं होतं.

मुरमेवाडीत मुरूम आणि वारा, दुसरं काही नाही. अनशी कोसावरून पाणी आणून रोपांना घालायची. "कोकणीण, बाळं दूध पितात का गं?" बायका विचारायच्या आणि हसायच्या. पहिल्याच उन्हाळ्यात दोन्ही रोपं वाळली. पुढच्या वर्षी गेनू मिठाला गेला, तो परत आला नाही.

अनशी वाळलेल्या काड्यांपाशी रडत बसली, तेव्हा शेजारची धोंडाई कुंपणावरून म्हणाली, "रडू नकोस गं. ती रोपं इथली नव्हतीच."

"मी तरी खयची?" अनशीनं विचारलं. मी तरी कुठली?



तेव्हापासून अनशी माळावर जाऊन बसू लागली. एकेका झुडपाजवळ ती वर्षभर बसायची, असं म्हणतात. पानं कधी झडतात, फुलपाखरं कधी येतात, शेळी तोंड लावते की नाही, सगळं बघायची. मग वाकून विचारायची, "येतंस माझ्यावांगडा?" म्हणजे, येतेस का माझ्याबरोबर? वारा नसताना झुडूप हललं, तरच त्याचं रोप आणायची.

धोंडाईच्या दारात शेळ्या होत्या, म्हणून तिच्यासाठी शेळ्या तोंड लावत नाहीत असा तरवड आणला.

"परसात कुणी तरवड लावतं का? ते तर माळावरचं."

"तूय माळावरचीच!" अनशी म्हणाली.

धोंडाईनं हसत जागा दिली. बाकीच्यांनी दिली नाही. रान घरात नको, म्हणाले.

मग ओळीनं तीन वर्षं पाऊस रुसला. पहिल्याच वर्षी अख्खं गाव गाड्या जुंपून जगायला नदीकाठी गेलं. अनशी मागंच राहिली. ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

त्या तीन वर्षांत तिनं काय खाल्लं, कुणाला ठाऊक नाही. चुकून चार सरी पडल्या, की ती माळावरून रोप आणायची. उन्हानं तापणाऱ्या भिंतीशी कोरांटी, मोरीच्या ओलीवर अडुळसा, असं घराघरांत जागा बघून लावायची. आणि ज्या घरचं परस, त्या घरच्या बाईच्या नावानं रोपाला हाक मारायची.

गाव परतलं तेव्हा माळ उजाड होता आणि परसं मात्र हिरवी होती. "धोंडाई, गे धोंडाई!" अनशीची हाक ऐकू आली. कुंपणाशी उभी असलेली धोंडाई "ओ" म्हणाली. त्याच क्षणी वारा नसताना तरवडही हलला, असं म्हणतात. अनशीनं आधी तरवडाकडं पाहिलं.

पुढं सगळं गाव तिला विचारू लागलं. "अनशे, माझ्या दारात काय लावू?" ती सांगायची आणि ते रोप जगायचं. पण तिच्या स्वतःच्या परसात काहीच नव्हतं, आणि तिला काय हवं ते कुणी विचारलं नाही.

ती गेल्यावर बायका तिच्या परसात रोप घेऊन जमल्या. धोंडाई म्हणाली, "कुठं लावायचं? ती कुठं बसायची? तिला कुठलं फूल आवडायचं?" कुणालाच सांगता येईना. ते रोप जगलं नाही.

मुरमेवाडीत अजूनही परसात माळावरचंच झाड लावतात आणि त्याला घरच्या बाईचं नाव देतात. दर आषाढात गावातली सगळ्यांत नवी सून माळावरून एक रोप निवडते आणि अनशीच्या परसात लावून हाक मारते, "अनशे!" ते वाळतं. जुन्या सुना नव्या सुनेला वाळलेल्या झाडांची नावं पाठ करायला लावतात, म्हणजे तेच पुन्हा निवडलं जाणार नाही. यादी आता फार लांबली आहे. माळावर अजून पुष्कळ झाडं उरली आहेत, असं म्हणतात.