मागून मारलेली ढुशी

"माझं मेलं कुणी ऐकतच नाही!" तुरी कोंबडी खळ्यावर ओरडत फिरत होती. ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा जनावरं आपले तंटे आपणच मिटवायची.

झालं होतं असं. म्हाताऱ्या खारीला कुणीतरी मागून ढुशी मारून पाडलं आणि तिच्या शेंगा लुटल्या. थोड्या वेळानं झिपऱ्या कुत्रा तोंडात शेंगा घेऊन पळताना दिसला. पंच होता दाढोबा बोकड. त्यानं लगेच निकाल दिला, "तोंडात माल, म्हणजे हाच चोर. हाकला कुंपणाबाहेर!" कुंपणाबाहेर बिबट्या फिरायचा, आणि झिपऱ्या तर अजून पिल्लूच.

तुरीनं त्याला पंखाखाली घेतलं. डोकं तेवढंच मावलं. तशीच ती थेट खळ्यावरच्या सगळ्यांत थोरल्या म्हशीकडे गेली; खारीसकट सगळे मागोमाग आले. म्हशीनं आधी सावकाश रवंथ केला, मग विचारलं, "खारूताई, हा पळत कुठं होता?"

"माझ्याकडंच गं. सांडलेल्या शेंगा आणून दिल्या लेकरानं."

"आणि ढुशी मारायला शिंगं लागतात!" तुरी कडाडली. "सकाळपासून तेच सांगतेय मी!"

सगळे दाढोबाकडे बघू लागले. त्याच्या दाढीत टरफलं अडकली होती.

"धक्का चुकून लागला हो," तो म्हणाला. "चोरीचं माझ्या मनातही नव्हतं."

"मनातलं मला दिसत नाही, बाबा," म्हैस म्हणाली. "पण चुकून लागला असता, तर तू म्हातारीला उठवलं असतंस. तू शेंगा खाल्ल्यास, आणि वर या पोराला बिबट्याच्या तोंडी द्यायला निघालास. आता सांगा रे, चोर कोण?"

या वेळी तुरीला ओरडावं लागलं नाही. सगळं खळं एका आवाजात म्हणालं, "दाढोबा."