गुणाजीमामा आणि रुसलेली वाट

आता पुन्हा कुणी पाण्याला उठलं, तर गोष्ट इथेच बंद. एकदा पाणी, एकदा शू, एकदा पायाला काहीतरी चावलं. मी सांगू कधी? पडा गुपचूप. हं.

तर, एक होता राजा. राजा कसला, मामाच तो, गुणाजीमामा. पण तोरा राजाचा. घाई कशाशी खातात ते माहीत नाही. त्याच्या भाचीचं, येसूचं, लग्न होतं लांबच्या गावाला. आणि तिथली रीत अशी, की नवरी गौरीहरापाशी पूजेला बसते. मामाने हात धरून नेल्याशिवाय ती मांडवात जायची नाही. मुहूर्त गोरज, म्हणजे गुरं घरी यायच्या वेळेचा. तो चुकला की नवऱ्याकडची माणसं उठून परत जाणार. कळलं ना? सगळं अडलेलं या एका माणसावर.

मग सकाळी मामाने बैलगाडी जुंपली. शेजारी तानूमामी बसली. जरा पुढे गेले, तर एका शेतात हुरडा भाजत होते. कुणीतरी म्हणालं, या बसायला. झालं, मामा उतरला. मामी म्हणाली, अहो, पोर वाट बघत असेल. मामा म्हणाला, दोन कणसं खाऊ अन् निघू. दोन कुठली! मांडी ठोकून बसला. चटणी आणा, गूळ आणा. मामीचे कान लाल झाले. आणि बरं का, वाटेलासुद्धा राग आला. मामा निघाला तेव्हा तिने चाकाखाली एक धोंडा सरकवला. गाडी दणकन आदळली. मामाला त्याचं काय.

मग पुढे एडक्यांची टक्कर लागली होती. मामा परत खाली. कुठला एडका जिंकतो ते बघितल्याशिवाय माणसाने जावं कसं, म्हणे. ऊन डोक्यावर आलं. मामीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. वाटेने असा फुफाटा उडवला की मामाचे डोळे मातीने भरले. त्याने डोळे पुसले आणि टक्कर बघत राहिला.

मग तिसऱ्यांदा थांबला. कशासाठी? तर एक झाड आवडलं. नुसतं झाड, त्याला ना फळ ना फूल. त्याच्याखाली पागोटं उशाला घेऊन आडवा झाला. मला तर सांगतानासुद्धा संताप येतो बाई. तिकडे ती पोर सकाळपासून उपाशी, मुठीत तांदूळ धरून दाराकडे बघतेय, आणि हा इथे घोरतोय.

तेव्हा वाट बोलली. "गुणाजी, माणसं पोचावीत म्हणून मी उन्हात पडून असते. तुला पोचायचंच नाही. मग मी कशाला पसरू?"

असं म्हणाली आणि चटईसारखी भराभरा गुंडाळून गेली. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, सगळं कुसळांचं रान. मामा दचकून उठला आणि तोंड उघडं टाकून बघत बसला.

मामी मात्र उठली. गाडीतून उतरली, पदर खोचला आणि रागारागाने पाऊल टाकलं. तर काय, तेवढ्या पावलापुरती वाट उलगडली. दुसरं पाऊल, आणखी थोडी. दोघींचा राग एकच होता ना. मामी पुढे जाईल तशी तिच्यामागे वाट पुन्हा गुंडाळायची. मामाला एक वीतसुद्धा मिळाली नाही.

गुरांच्या खुरांची धूळ उडत होती तेव्हा मामी मांडवात पोचली. भटजींनी विचारलं, मामा कुठाय? झाडाखाली बसलाय, मामीने सांगितलं. मग कुजबुज सुरू झाली. म्हातारी माणसं म्हणाली, बाईमाणसाने नवरीला न्यायची आपल्यात रीत नाही. येसूच्या बापाने डोकं धरलं. नवऱ्याकडची माणसं उठायलाच लागली.

तेव्हा येसू बोलली. "दिवसभर मी दाराकडे बघतेय. जी आली, तिच्याबरोबर मी जाणार."

तिने मामीचा हात धरला आणि दोघी चालत मांडवात गेल्या. अडवा म्हणावं आता कुणाला अडवायचं ते. कुणी अडवलं नाही. लग्न लागलं.

मामा उगवला दुसऱ्या दिवशी. बैलांचा कासरा धरून, गाडीसकट रान तुडवत, धोतरभर कुसळं. मांडवाचे खांब उपटत होते. येसूने त्याला वाकून नमस्कार केला नाही. विचारलं, "मामा, मी तुझी वाट बघत होते. तू काय बघत होतास?"

मामाला हुरडा आठवला, एडके आठवले, झाड आठवलं. सांगायची लाज वाटली. तो रडायला लागला. मग म्हणाला, निदान सासरी तरी मी पोचवतो तुला.

येसू म्हणाली, "चल. पण कासरा मामी धरील. तू मागे बस."

मग गाडी निघाली आणि वाट आपणहून पुढे पसरत गेली. ते झाड आलं. मामाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मामीने मागे वळून नुसतं बघितलं. मामाने तोंड मिटलं. येसू दिवसाउजेडी सासरी पोचली आणि सुखाने नांदली. त्या गावात अजून नवरीला न्यायला मामीच येते, आणि मामा मागून चालतो.

मिटा आता तुम्हीपण, तोंडं आणि डोळे दोन्ही. झोपेला निघालात ना? मग मध्ये कुठे उतरायचं नाही. पाणी सकाळी.