केरबानानांचा फरशीचा गोठा

गावात गटारं झाली, नळ आले आणि सरपंच केरबानानांची मान ताठ झाली. शेजारच्या गावात गोवर निघाला, तशा नर्स शालनबाई लसीचा डबा घेऊन चावडीत आल्या. नाना गरजले, "गटारं बांधून रोगराई मी हद्दपार केलीय. आता सुया कशाला?" त्यांनी नातीला घरातच ठेवलं, मग गावानंही आपापली पोरं दाराआड केली.

"नळ आल्यापासून जुलाबाचा एक पेशंट नाही, हे मात्र खरं," एवढं बोलून शालनबाई निघून गेल्या.

तासाभरानं परत आल्या. "नाना, तुमच्या बादशाला लाळ-खुरकताची लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले होते. मी परत पाठवलं."

शर्यतीच्या बैलाचं नाव निघताच नाना ताडकन उठले. "कुणाला विचारून?"

"गोठ्यात फरशी आहे, नळ आहे, वर पंखा आहे. तिथं रोग कशाला येतोय?"

"अहो बाई, फरशी बघून रोग माघारी फिरतो होय?"

सगळी चावडी नानांकडे बघायला लागली.

शालनबाईंनी डबा उघडला. "डॉक्टर कुठले परत जातायत, तुमच्याच ओट्यावर चहा पितायत. बादशाच्या आधी तेवढं नातीला आणा."