बोलता कडा आणि कासारीण

सात गावांच्या मधोमध एक काळा कडा होता, त्या काळची ही गोष्ट. कड्यासमोर कुणी काही बोललं, की ते सातही गावांत जसंच्या तसं ऐकू जाई. आज आपण बोटाने मेसेज पुढे ढकलतो. तेव्हा ते काम कडा करायचा, आणि आपल्याइतक्याच उत्साहाने करायचा.

पण तिथला एक रिवाज होता. कुणी बदनामीची तक्रार केली, की बोलणाऱ्याने भर दुपारी कड्याच्या कपारीत शिरून तेच पुन्हा बोलायचं. मग तक्रार करणाऱ्यानेही आत जाऊन उत्तर द्यायचं. जो खोटं बोलेल त्याचा आवाज कपारीतच राहायचा, माणूस तेवढा बाहेर यायचा. असे चार-पाच मुके रोज दुपारी कपारीला कान लावून आपापला आवाज ऐकत बसत. त्यांच्याकडे पाहवत नसे.

तिथे एक कासारीण राहायची. "बांगड्या घ्या, बांगड्या!" अशी हाळी देत ती सातही गावं फिरायची. तिचं पोट त्या आवाजावर होतं. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला ताप आला. वैद्यबुवांची पुडी तीन दिवस दिली, चौथ्या दिवशी मुलगी गेली. पुढे एकदा कासारीण वैद्यांच्या सुनेला बांगड्या भरायला गेली असताना तिला दारातून दिसलं, वैद्यबुवा भिंतीचा चुना खरवडून औषधाच्या पुड्यांत मिसळत होते.

ती तडक कड्यासमोर गेली. "वैद्यबुवा पुड्यांत चुना मिसळतात. मी डोळ्यांनी पाहिलं."

सात गावांनी ऐकलं. वैद्य संतापून पंचांकडे गेला. "माझी अब्रू गेली! या बाईला कपारीत उभं करा."

पंच म्हणाले, "बाई, अजून शब्द मागे घे. आवाज गेला तर खाशील काय?"

"मागे घेतला तर उद्या दुसऱ्या कुणाचं पोर तीच पुडी खाईल," ती म्हणाली.

भर दुपारी ती कपारीत शिरली. आत गारठा होता. अंधारातून कानाशी आवाज कुजबुजू लागले, "मुलीला त्यानेच मारलं म्हण. म्हण ना!" तिलाही तेच म्हणायचं होतं. मुलगी गेल्यापासून ती मनात दुसरं काही म्हणतच नव्हती. पण मुलगी तापाने गेली की पुडीने, हे तिला खरंच माहीत नव्हतं. ती रडत रडत म्हणाली, "चुना मिसळताना पाहिलं. तेवढंच पाहिलं. पुढचं मला माहीत नाही."

कुजबुज थांबली. ती बाहेर आली आणि तिने पंचांना तेच खणखणीत आवाजात सांगितलं.

"आता तुम्ही, वैद्यबुवा," पंच म्हणाले.

बाई भिऊन माघार घेईल, आपली पाळी येणारच नाही, असं वैद्य धरून चालला होता. आता सगळे बघत होते. तो आत गेला. "साफ खोटं आहे!" एवढंच ऐकू आलं.

वैद्य बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ नुसतेच हलत होते. आणि मागे, रिकाम्या कपारीतून, त्याचाच आवाज बोलत होता, "चुना स्वस्त पडतो... कुणाला कळतंय..."

कासारीण कपारीपाशी गेली. "माझ्या मुलीच्या पुडीत?"

"तिच्याही," आवाज म्हणाला. "पोरांना जरा कमीच घालतो."

तात्पर्य: पाहिलेलं खरं कुणालाही न भिता बोलावं, पण काळीज कितीही जळत असलं तरी न पाहिलेलं एक अक्षरही त्यात घालू नये.