लाखोळीचे पाणी

पूर्वी वेणा नदीच्या काठी भद्रवट नावाच्या नगरात नंदिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोमिल ठेवले होते. वडिलांपाशी विद्या शिकून तो मोठा झाला आणि त्यांच्या मागे माणसांवर व गुराढोरांवर उपचार करू लागला. इतर वैद्य बोलावणे आले की रोग्याच्या उशाशी जाऊन बसत. सोमिल आधी त्या घरची चूल पाही, रांजणात डोकावे, गव्हाणीत कोणती वैरण पडली आहे ती हातात घेऊन चोळून बघे. लोक म्हणत, "हा वैद्य आहे की सासू?"

त्या राज्यात लागोपाठ दोन वर्षे अवर्षण पडले. ज्वारी कणसात येण्याआधीच करपली. हरभरा उगवलाच नाही. शेतांत उभी राहिली ती एकटी लाखोळी, कारण ती भेगाळलेल्या जमिनीतही तग धरते. तिची चपटी, कोनाकोनाची डाळ लोक एरवी जनावरांना घालीत. आता ती माणसांच्या ताटात आली.

राजाचा कोठाराध्यक्ष वसुरक्षित हा काही वाईट माणूस नव्हता. त्याने राजाला सुचवले, "महाराज, नगराबाहेर तलाव खोदावा. भुकेल्यांना काम मिळेल, आणि मजुरी म्हणून त्यांना रोज लाखोळी देता येईल. कोठारातली ज्वारी बियाण्याला आणि सैन्याला राखून ठेवू." राजाला ते पटले. माळावर खोदकाम सुरू झाले. खड्ड्याला लागून मजुरांची एक मोठी वस्ती उठली, ती तळवस्ती. पळसाच्या रानाकडे दुसरी लहान वस्ती झाली, ती पळसवस्ती. सोमिलाची धाकटी बहीण पालिता आणि तिचा नवरा गोपक तळवस्तीत राहत. गोपक अंगाने भक्कम होता. दोन माणसांच्या मातीच्या पाट्या तो एकटा उचली, आणि लोक बघत आहेत असे दिसले की तिसरीही मागे.

तीन महिने झाले असतील. राजाच्या पागेतून सोमिलाला बोलावणे आले. तेथे चार घोडे नीट चालत नव्हते. त्यांचे मागचे पाय एकमेकांत अडकत आणि वळताना ते बसकण मारीत. सोमिलाने खुर तपासले, सांधे दाबून पाहिले. कोठेही सूज नव्हती. मग त्याने गव्हाणीत हात घातला; मुठीत लाखोळी आली.

"हे कधीपासून घालता?" त्याने विचारले.

"पेरणीची वेळ टळली तेव्हापासून," पागेचा रखवालदार म्हणाला. "दुसरे आहे काय घालायला?"

सोमिलाला वडिलांचे बोलणे आठवले. ते म्हणत, लाखोळी आधी घोड्याला धरते, मग राबणाऱ्या माणसाला धरते, आणि एकदा धरले की सोडत नाही. तो पागेतून निघाला तो थेट राजसभेत गेला.

"महाराज," तो म्हणाला, "लाखोळीत एक दोष असतो. चार घास दुसऱ्या धान्याचे आणि एक घास तिचा, असे खाल्ले तर बाधत नाही. तीच एकटी महिनोन्महिने पोटात गेली तर पाय जातात. कोठारातली थोडी ज्वारी मजुरीत मिसळावी. तेही जमत नसेल तर डाळ ऊन पाण्यात भिजवावी, ते पाणी ओतून द्यावे, मग दुसऱ्या पाण्यात शिजवावी. दोष पाण्यात उतरतो. त्यासाठी दोन्ही वस्त्यांवर पाण्याच्या गाड्या लावाव्यात."

"किती मजुरांचे पाय गेले?" राजाने विचारले.

"अजून एकाचेही नाहीत."

"कोणी लंगडते?"

"नाही, महाराज. घोडे लंगडत आहेत."

वसुरक्षित शांतपणे म्हणाला, "वैद्यराज, कोठार उघडले तर पुढच्या पेरणीला बी उरणार नाही. पाण्याच्या गाड्या लावल्या तर खोदकामाचे बैल कमी पडतील. न झालेल्या रोगासाठी मी हे कसे करू? रोग दिसला की या. मी स्वतः औषधांची सोय करीन."

"रोग दिसेल तेव्हा औषधाचा उपयोग नसेल," सोमिल म्हणाला.

राजाने हात वर करून सभा पुढे चालवली. घोड्यांचा चारा मात्र त्याच दिवशी बदलला गेला, कारण घोडे मोलाचे होते.

सोमिल तळवस्तीत बहिणीकडे गेला. पालिता चुलीपुढे बसली होती. मडक्यात लाखोळी शिजत होती. त्याने तिला सगळे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि कोपऱ्यातल्या घागरीकडे बोट दाखवले.

"दादा, ही एक घागर भरायला मी सकाळी निघते ती ऊन डोक्यावर आल्यावर परत येते. यात प्यायचे, यातच शिजवायचे. आणि तू म्हणतोस, अर्धे ओतून दे?"

"ओतून दिलेच पाहिजे, पालिते."

"त्या पाण्यातच चव असते. ते दिले तर हे जेवणार नाहीत. दिवसभर माती उपसतात रे."

गोपक दाराशी बसून कुदळीचा दांडा घट्ट करीत होता. तो हसून म्हणाला, "माझ्या पायांची काळजी करू नका, मेहुणे. हे पाय डाळीने जाणारे नाहीत."

सोमिलाने पुन्हा एकदा बजावले. मग वस्तीत घरोघर जाऊन त्याने हेच सांगितले. कोणी हसले, कोणी मान डोलावली, कोणी म्हणाले, वैद्याला धंदा हवा आहे म्हणून भिववतो. सूर्य कलला तसा तो तेथून निघाला.

पळसवस्तीत त्याला केतकी नावाची एक म्हातारी भेटली. तिचे दोन्ही मुलगे खोदकामावर होते. वस्तीतल्या बाया तिला विचारल्याशिवाय काही करीत नसत. तिने सोमिलाचे बोलणे ऐकले आणि म्हणाली, "माझ्या बापाचे असे पाय गेलेले मी पाहिले आहेत. कशाने गेले ते कोणी सांगितले नव्हते. तू खरे बोलतोस की नाही, मला कळत नाही. पण पाणी आणून देशील तर ओतून देऊ."

सोमिलाने दुसऱ्याच दिवसापासून पाणी आणायला सुरुवात केली. नदीच्या कोरड्या पात्रात त्याने हाताने वाळू उपसून झिरे काढले. खांद्यावर कावड घेऊन तो दिवसातून सात-आठ खेपा करी. वस्तीच्या मधोमध त्याने एक मोठा रांजण पुरला. सगळ्या घरांची डाळ त्यात एकत्र भिजे आणि ते पाणी दूर खड्ड्यात जाई. पहिले काही दिवस बायांना मौज वाटली. मग त्या कुरकुरू लागल्या. डाळ बेचव लागते, भिजायला वेळ जातो, पोरे भुकेने रडतात, असे म्हणू लागल्या. केतकी एकेकीला दरडावून रांजणाशी आणी. सोमिलाच्या खांद्यांची कातडी सोलवटली, तिच्यावर घट्टा पडला, तो घट्टाही फुटला. त्याचे नेहमीचे रोगी दुसऱ्या वैद्यांकडे गेले. त्याच्याकडे दोनच हात होते, आणि त्यांनी एका वस्तीपुरतेच पाणी आणता येत होते. तळवस्ती त्याच्या वाटेवर दिसे. तो मनात म्हणे, झिऱ्यांना जरा पाणी वाढले की तिकडेही जाऊ. झिऱ्यांना पाणी वाढले नाही.

थंडी सुरू झाली आणि तळवस्तीत रोग दिसला.

एके सकाळी एक तरुण मजूर उठला तेव्हा त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आणखी पाच जणांचे तसेच झाले. त्यांच्या टाचा जमिनीला टेकेनात. गुडघे एकमेकांवर घासू लागले. चवड्यांवर तोल सावरीत ते दोन पावले टाकत आणि पडत. ताप नव्हता, वेदनाही फारशी नव्हती. जो जास्त राबत होता, तो आधी पडला. महिनाभरात दोनशे माणसे काठीवर आली. काहींना काठीही पुरेना. ती हातांवर सरकत झोपडीबाहेर येत आणि कामाच्या खड्ड्याकडे बघत बसत.

गोपक बाराव्या दिवशी पडला. मातीची पाटी डोक्यावर असताना त्याचे पाय एकमेकांत अडकले. पाटी उपडी झाली. तो स्वतःच्या पायांकडे असा बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

राजाने नगरातले सगळे वैद्य बोलावले. भद्रक नावाच्या वैद्याने तेलाचे शेक आणि काढे सुरू केले. शेकाने रोग्याला घटकाभर बरे वाटे, म्हणून लोक त्याचे पाय धरू लागले. राजाने त्याला पालखी दिली. मग कोणीतरी सोमिलाची आठवण काढली.

"तू हा रोग आधी सांगितला होतास," राजा म्हणाला. "तेव्हा तुला त्याचे औषधही ठाऊक असणार. या लोकांना उभे कर. राजवैद्याचे आसन तुझे."

भद्रकाप्रमाणे तेल चोळीत बसणे सोमिलालाही येत होते. त्याने लोकांना आशा वाटली असती, आणि त्याला आसन मिळाले असते.

"महाराज, औषध नाही," तो म्हणाला. "हे पाय परत येणार नाहीत. मी हो म्हटले तर उद्या सगळे माझ्या तेलाची वाट बघतील आणि मडक्यात तीच लाखोळी शिजत राहील. ज्यांचे पाय अजून शाबूत आहेत, त्यांचेही जातील. कोठार आज उघडा. एवढेच करता येण्यासारखे उरले आहे."

राजाचा चेहरा रागाने काळवंडला. कोणीतरी पुटपुटले, याचीच जीभ काळी आहे, याने बोलून रोग आणला. तेव्हा वसुरक्षित आसनावरून उठला. तो सकाळीच तळवस्तीतून आला होता. त्याचे डोळे सुजले होते.

"कोठार मी उघडतो, महाराज," तो म्हणाला. "बियाण्याचे मी बघेन. मला हे तेव्हाच करता आले असते."

त्या दिवसापासून मजुरीत ज्वारी आली. नवे कोणी पडले नाही. जे पडले होते, ते तसेच राहिले. वर्ष उलटल्यावर भद्रकाच्या दारातली गर्दी ओसरली, पण त्याची पालखी त्याच्याकडेच राहिली.

सोमिल बहिणीच्या झोपडीत गेला. गोपक भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान फिरवली. पालिता त्याचे पाय ऊन पाण्याने शेकत होती. तिने भावाकडे पाहिले, पण बस म्हटले नाही.

"दादा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "पळसवस्तीत कोणाचे पाय गेले?"

"कोणाचेही नाहीत."

"तिथे तू पाणी वाहत होतास म्हणे. सगळ्या घरांचे."

"हो."

"ती माणसे तुझी कोण?"

तिचा आवाज चढला नव्हता. तशाच सपाट आवाजात ती म्हणाली, "मी नाही म्हटले, हे खरे. पण मी नाही म्हटले म्हणून तू निघून का गेलास? लहानपणी मी औषध थुंकले की तू पुन्हा पाजायचास. नाक धरून पाजायचास."

"मी सांगितले म्हणजे माझे काम झाले, असे मला वाटले," सोमिल म्हणाला. "त्यांनी ऐकले म्हणून मी त्यांच्याकडे राहिलो. तू ऐकले नाहीस म्हणून तुझ्याकडे राहायला हवे होते. ही माझी चूक आहे, पालिते. तिला औषध नाही."

पाणी निवले होते. ती ते बदलायला उठली.

सोमिल पुढे तळवस्तीतच राहिला. गोपकाला तो रोज उचलून उन्हात नेऊन बसवी. दोन वर्षे गोपक त्याच्याशी बोलला नाही, आणि मग बोलू लागला तो फक्त कुबडीच्या लाकडाबद्दल. दर हंगामाच्या आधी, धान्य खळ्यात येण्यापूर्वी, सोमिल गावोगाव फिरे आणि प्रत्येक चुलीपुढे जाऊन बसे. घरातली बाई नाही म्हणाली तरी उठत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, तिसऱ्या दिवशीही येई. लोक त्याला टाळण्यासाठी दार लावून घेत.

एकदा तो पळसवस्तीवरून जात होता. केतकी केव्हाच वारली होती. रांजण फुटून गेला होता. तिचे दोन्ही मुलगे बैलांमागून ताठ पावलांनी चालत येत होते. त्यांनी म्हाताऱ्या वैद्याला वाट दिली. मागे वळून धाकटा म्हणाला, "हाच ना रे, जो दुष्काळात आपली डाळ बेचव करीत असे?"

"हाच," थोरला म्हणाला. "आईच्या डोक्यात याने भलतेच भरवले होते. आपल्या वस्तीची माती चांगली, आपल्याला कधी काही होणार नव्हते."

सोमिलाने ते ऐकले. ते दिसेनासे होईपर्यंत तो त्यांची पावले बघत उभा राहिला. तळवस्तीचे दोनशे लोक त्याला नावानिशी ठाऊक होते, कारण ते पडले होते. पळसवस्तीत किती वाचले, हे कोणाला कधीच कळणार नव्हते, त्यालाही नाही. तो पुढच्या गावाला निघाला. त्या वाटेवरच एका हिवाळ्यात त्याचे देहावसान झाले.

बोधिसत्त्व पुढे बुद्ध झाला, तेव्हा त्या शास्त्याने ही कथा एका विहारात सांगितली. तेथे दोन भिक्षूंमधला लहानसा वाद महिनोन्महिने वाढत गेला होता, आणि संघ दुभंगल्यावर सगळे शास्त्याकडे उपाय विचारायला आले होते. कथा संपवून तो म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिसेन राजा म्हणजे तुमच्यातला स्थविर सुदंत. त्याला वाद दिसत होता, पण तो आपोआप मिटेल असे त्याने धरले. भद्रक म्हणजे उपासक चित्रसेन. वसुरक्षित म्हणजे भिक्षू धर्मिल, जो आज डोळ्यांत पाणी आणून बसला आहे. गोपक म्हणजे या वादात संघ सोडून गेलेला भिक्षू यशपाल. केतकी म्हणजे भिक्षुणी शुभदत्ता, आणि पालिता म्हणजे तिच्या शेजारची भिक्षुणी उपशमा. तो वैद्य मीच होतो."

भिक्षू खाली बघत बसले. उपशमेने विचारले, "भन्ते, त्या वैद्याने पुढे तरी कोणाला वाचवले का?"

"वाचवले असेल," शास्ता म्हणाला. "ज्याला अप्रमाद, म्हणजे सदा सावध राहणे म्हणतात, तो गुण हाच. विस्तव ठिणगी असताना त्यावर पाय ठेवणारा माणूस, घर जळालेच नाही म्हणून, कोणाला आठवत नाही. तरीही पाय ठेवावा. आणि कोणी नको म्हटले, तर तेथून उठून जाऊ नये."