प्रश्नाचं शेपूट

"...पण समोरच्याचा प्रश्न संपायच्या आतच तो माझ्याकडून निसटतो. त्याला मी काय करू, बुवा?"

ऋजुता मठाच्या ओट्यावर बसली. बसली म्हणजे नुसती टेकली. पाय हलतच होता.

सोमगिरीबुवांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्या मठाची रीतच तशी. आलेल्याचा प्रश्न बुवा आधी स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवत, आणि तो "हो, हेच" म्हणाला तरच पुढं बोलत.

"मुलाखतीत तुला विचारतात. उत्तर तुला येतं. पण प्रश्नच हाती राहत नाही. असंच ना?"

"हो, हेच."

पुलांची गणितं झोपेतून उठवलं तरी सोडवील, अशी ही पोरगी. डॉक्टरांनी एडीएचडी असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, त्यांचा उपयोगही होत होता. पण टेबलापुढं बसलं की पंख्याची घरघर, साहेबांच्या पेनाची टिकटिक, सगळं एकदम आत शिरे आणि प्रश्नाचं शेपूट बाहेरच राही. मग ते झाकायला ती बोलत सुटे. दर वेळी "कळवतो" ऐकून घरी परते.

उद्या पुन्हा मुलाखत होती. पूल बांधणाऱ्या कंपनीत. ही नोकरी तिला अगदी मनापासून हवी होती.

"मन एका जागी बसवायचा काहीतरी उपाय सांगा. एवढा उद्याचा दिवस."

"कशाला?"

"त्यांना कळायला नको."

"काय कळायला नको?"

"...मी ऐकलं नाही ते."

बुवा हसले नाहीत. लोक त्यांना एवढं मानत, ते उगाच नाही.

"बरं. मी साहेब, तू उमेदवार." त्यांनी उपरणं सारखं केलं, पाठ ताठ केली. "नदी आहे. एका काठाला खडक, दुसऱ्याला गाळ. पावसाळ्यात पाणी चढतं. गावाला बैलगाडी न्यायची आहे, ट्रकही न्यायचा आहे. मधे जुनं देऊळ येतं, ते हलवायला गाव तयार नाही..."

प्रश्न लांबतच गेला.

ऋजुता गाळापर्यंत सोबत होती. तेवढ्यात चिंचेवरून एक खार सरसर उतरली. ती कुंपणापलीकडं गेली आणि ऋजुताचं मन मठात परतलं, तेव्हा बुवा बोलायचे थांबले होते.

ऋजुतानं सुरुवात केली. पाया, खांब, कमान, भराभर. खोटं कशाला सांगू, बोलत छानच होती. फक्त कशाचं उत्तर देतेय, ते तिला ठाऊक नव्हतं.

बुवांनी हात पुढं केला. उघडा तळवा, प्रसाद घ्यायला धरतात तसा. जणू रीतीप्रमाणं आधी प्रश्न परत मागत होते.

तिचं बोलणं मंदावलं... मग थांबलं.

कान तापले. त्या जागी थांबायला काय छाती लागते, ते बोलत सुटणाऱ्यालाच विचारावं.

"बुवा... प्रश्नाचा शेवट माझ्याकडून सुटला. पुन्हा विचाराल?"

हे वाक्य ती आजवर कुणापुढंही बोलली नव्हती. पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

बुवांनी कपाळ चोळलं.

"बरं झालं विचारलंस. मघापासून मलाही आठवत नाहीये."